न पाहिलेली फुले

नव्या घराची वास्तुशांत झाली, गुरुजी दक्षिणा घेऊन गेले नि जेवणाची पंगत उठली, की आपल्याकडे एक दुसरीच प्रदक्षिणा सुरू होते. घरधनीण पुढे आणि पाहुण्या मागे. हा दिवाणखाना, हे स्वयंपाकघर, ही मुलांची खोली. प्रत्येक दाराशी थबकून ‘छान, छान’ म्हणायचे असते, ते सगळ्या जणी म्हणतात. पडद्यांपाशी आल्या, की बोटे पुढे होतात, कापड चाचपले जाते नि हटकून एकच प्रश्न येतो, ‘कुठून हो मागवलेत?’ मग दुकानाचे नाव, मग भाव, मग ‘आम्हांला हेच महाग पडले बाई!’ हा हळहळीचा सूर. ‘हे कोणी काढले?’ हा प्रश्न मात्र मी आजवर एकाही वास्तुशांतीत ऐकलेला नाही.

आणि विचारून तरी काय उपयोग? उत्तर द्यायला कोणी असते कुठे? हल्ली घर सजवायचे ते ‘निसर्गाच्या प्रेरणेने’ सजवायचे, अशी चाल पडली आहे. भिंतीला शेवाळी रंग, खिडक्यांना पानाफुलांचे पडदे, कोचावर पक्ष्यांचे अभ्रे आणि पलंगावर अख्खे अरण्य. दुकानदार गाठ उलगडत म्हणतो, ‘ताई, हा हँडपेंटेड लुक आहे.’ सारी मेख त्या ‘लुक’मध्ये आहे. कापड हाताने रंगवलेले नाही; हाताने रंगवल्यासारखे दिसते, एवढाच त्याचा अर्थ. उद्या गवळ्याने चरवीत पांढरे पाणी ओतले नि ‘हा दुधाचा लुक आहे’ म्हणून सांगितले, तर आपण त्याला पुन्हा उंबऱ्याशी उभा राहू देऊ काय? कापडवाल्याला मात्र आपण हसतमुखाने पैसे मोजतो, आणि वर चार जणींना त्याचा पत्ता देतो.

माझे म्हणणे साधे आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचे आहे त्यांची सोय होईल. घरातल्या कापडावर फूल असेल, तर ते कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेले आणि हाताने काढलेले असावे. हात दुसऱ्याचा असेल, तर त्याचे योग्य मोल द्यावे. स्वतःचा असेल, तर उत्तमच. यांपैकी काहीच जमत नसेल, तर कापड साधे ठेवावे. साध्या कापडाने आजवर कोणाचे घर कुरूप झालेले नाही.

मी यंत्राच्या विरुद्ध आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. गिरणगावातल्या गिरण्यांनी एके काळी अर्ध्या महाराष्ट्राची अब्रू झाकली, हे मी विसरलेली नाही. गिरणीचे पट्ट्यापट्ट्यांचे कापड, चौकडीचा पंचा, रंगीत चादर ही सगळी सरळ वागणारी कापडे. आपण यंत्राची लेकरे आहोत, हे ती लपवीत नाहीत. माझा राग आहे तो सोंगावर. हाताने रंगवताना रेघ कुठे जाड होते, कुठे रंग जरासा पसरतो, एक पाकळी दुसरीहून लहान निघते. हातापायी माणसाकडून राहून जाणाऱ्या या खुणा. आता संगणकावर त्या खुणाही उचलतात आणि शेकडो वार कापडावर छापून काढतात. तुमच्या पडद्यापाशी जाऊन नीट पाहा. पानाच्या टोकाशी रंगाचा जो लाडिक ओघळ दिसतो, तोच ओघळ दोन-तीन फुटांवर पुन्हा सापडेल, आणि त्याच्यापुढे पुन्हा. हाताची चूक अशी मोजून-मापून पुन्हा पुन्हा होत नसते. चुकासुद्धा ज्याच्या स्वतःच्या नाहीत, असे हे कापड!

याच्या शेजारी खरे कापड ठेवून पाहू. आंध्र प्रदेशात, तिरुपतीच्या जवळ, सुवर्णमुखी नदीच्या काठी श्रीकाळहस्ती नावाचे गाव आहे. तिथली कलमकारी पिढ्यान्‌पिढ्या हाताने काढली जाते. बांबूची टोकदार काडी, तिच्यावर बांधलेला लोकरीचा नाही तर चिंधीचा बोळा. बोळा रंगात बुडवायचा नि बोटांनी हळूहळू दाबीत रेघ ओढायची. हेच त्यांचे कलम. पण रेघ ओढण्याआधीच केवढा खटाटोप! कोरे सुती कापड धुऊन त्याची खळ काढायची. मग ते हिरड्याच्या नि दुधाच्या पाण्यात बुडवून वाळवायचे. दुधाच्या स्निग्धतेने रंग पसरत नाही, आणि हिरड्याच्या तुरटपणाने तो धरून राहतो. काळ्या रंगासाठी गंजलेले लोखंड नि गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवत ठेवायचे. ते पाणी हिरड्याच्या कापडाला लागले, की रेघ काळी उमटते.

लाल रंगाची तर आणखीच गंमत. जिथे लाल हवे तिथे तुरटीचे पाणी लावायचे. या पाण्याला स्वतःचा म्हणावा असा रंग नसतो. मग कापड मंजिष्ठासारख्या मुळांच्या काढ्यात उकळायचे. जिथे तुरटी लागली तिथेच लाल रंग पक्का बसतो, आणि बाकीचा वाहत्या पाण्यात धुऊन जातो. म्हणजे रंगवणारा जे फूल काढतो ते काढताना त्याला धड दिसतही नाही. ते त्याला आधी मनात दिसावे लागते. पुढे पिवळा, पुढे निळीचा निळा, पिवळ्यावर निळा चढवून हिरवा. प्रत्येक रंगानंतर धुणे, वाळवणे, पुन्हा दूध. मोठ्या कापडाला आठवड्यांमागून आठवडे लागतात. ऊन कमी पडले तर थांबा, नदीचे पाणी आटले तर थांबा. ‘निसर्गाची प्रेरणा’ म्हणायची तर ती याला म्हणावी. झाडाची फळे, झाडाची मुळे, नदीचे पाणी नि माथ्यावरचे ऊन यांच्यावाचून इथे एक पाकळी पुरी होत नाही.

आता कोणी म्हणेल, ‘बाई, हे सारे ठीक, पण पडद्याच्या कापडासाठी एवढे आकांडतांडव?’ त्यांना थोडा इतिहास सांगते. आपल्या आज्या ‘चिटाचा परकर’ म्हणत. त्या चिटाने सतराव्या शतकात युरोपला वेड लावले होते. कोरोमंडल किनाऱ्यावरून रंगीत सुती कापड गलबते भरभरून जाई. आपला पलंगपोस तिकडे जाऊन ‘पॅलमपोर’ झाला आणि सरदार-दरकदारांच्या पलंगावर नि भिंतीवर चढला. धुतले तरी रंग जात नाही, हा तिकडे चमत्कार होता. तिथल्या लोकर-रेशमाच्या विणकरांचे धाबे दणाणले. फ्रान्सच्या राजाने 1686 साली या कापडावर बंदी घातली. ती उठायला 1759 साल उजाडले. इंग्लंडने 1700 साली छापील कापडाची आयात अडवण्याचा कायदा केला. तेवढ्याने भागेना. 1719 साली लंडनचे विणकर भर रस्त्यात बायकांच्या अंगावरची चिटे फाडू लागले. मग 1721 साली पार्लमेंटने ठरवून टाकले, की असे कापड अंगावर घालायचे नाही, आणि पलंग, खुर्ची, उशी, खिडकीचा पडदा यांनाही लावायचे नाही! ती बंदी 1774 सालापर्यंत होती. आपल्या माणसांच्या हातच्या फुलांना अडवण्यासाठी एका साम्राज्याला खिडकीच्या पडद्यांवर कायदा करावा लागला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

मग पुढे काय झाले? कोरोमंडलच्या रंगाऱ्यांची कृती केर्दू नावाच्या एका फ्रेंच पाद्र्याने खोदून खोदून विचारून घेतली आणि 1742 साली पत्राने मायदेशी कळवली. 1783 साली टॉमस बेलने रुळाने कापड छापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आणि ज्या बाजाराला आपण फुले पुरवीत होतो, तोच यंत्राची फुले घेऊन आपल्या दारी आला. त्या वेळी आपल्या हाती सत्ता नव्हती. रंगाऱ्याचा हात थांबला तो राज्यकर्त्यांच्या व्यापाराने. आज तसे सांगायची सोय नाही. आज तो थांबला, तर तुमच्या-माझ्या खरेदीच्या पिशवीने थांबेल. 1950 नंतरच्या दशकात कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्यांनी खटपट केली, श्रीकाळहस्तीत शिकवणीची सोय झाली, म्हणून ही विद्या शिल्लक तरी आहे. तिथल्या जोन्नलगड्डा गुरप्पा चेट्टी यांना 2008 साली पद्मश्री मिळाली. कलमकारीला भौगोलिक मानांकनही आहे. पण मानांकनाचे कागद सरकारी कपाटात, आणि बाजारात ‘कलमकारी प्रिंट’ हा शब्द राजरोस! कलम म्हणजे लेखणी. ज्याला लेखणीचा स्पर्श नाही ते कलमकारी कसे? मछलीपट्टणची कलमकारी लाकडी ठशांची असते हे मला ठाऊक आहे. पण तिथेही ठसा कोरणारा हात आहे, दाबणारा हात आहे, रंग मुरवणारी कृती आहे. छपाईच्या यंत्रातून सर्रकन बाहेर पडलेल्या पॉलिएस्टरला ते नाव देणे ही सरळसरळ चोरी आहे.

आपल्या घरच्या वारलीचीही हीच गत. डहाणू-पालघरकडे लग्नघरात सुवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी बसवतात. त्या चौकावाचून लग्न लागत नाही. ते चित्र म्हणजे भिंतीवरची शोभा नव्हे, विधी आहे. 1970 च्या सुमारास कागद आणि रंग तिकडे पोचले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हाताने जगाला थक्क केले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. आणि आज? तारप्याभोवतीचा तो नाच अभ्र्यावर, चहाच्या कपावर, पायपुसण्यावर. होय, पायपुसण्यावरसुद्धा! ज्यांच्या आयाबहिणींनी तो नाच मांडला, त्यांना त्या अभ्र्यामागे किती मिळते, हे विचारायचे आपल्या मनातही येत नाही. एकाला पद्मश्री द्यायची नि बाकीच्यांची रेघ फुकट उचलायची, हा कुठला न्याय?

आता आक्षेप घेऊ. पहिला पैशाचा. ‘घराचे हप्ते भरता भरता कंबर मोडली, आता हाताने रंगवलेली कापडे कुठून आणू?’ हा आक्षेप खोटा नाही. पण सगळ्या खिडक्यांना फुले हवीतच, हे कोणी सांगितले? एका भिंतीवर दोन हात लांबीचे एक खरे कापड लावा. बाकीच्या खिडक्यांना साधी खादी, हातमाग, नाही तर गिरणीचे एकरंगी कापड. हिशेब मांडून पाहा. घरभर सोंगाची फुले लावण्यापेक्षा हे फार महाग पडत नाही. आणि एक विचारते. फरशीवाल्याने सांगितलेला भाव आपण देतो, नळाच्या चकचकीत तोट्यांना देतो, छताच्या खोट्या नक्षीला देतो. घासाघीस करायला आपल्याला नेमका तो प्रदर्शनात जमिनीवर बसलेला रंगारीच का सापडतो?

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतात, ‘पलंगपोसावरची ती फुले तरी कोणी पाहिली होती? डोंगरावरच्या एकाच झाडाला दहा जातींची फुले! तीही परदेशी व्यापाऱ्यांच्या पसंतीने काढलेली.’ खरे आहे. ते झाड कुठल्याच रानात नाही. पण त्या झाडाची फांदी कशी वळते, कळी देठाशी कशी चिकटते, पान उलटले की त्याची शीर कशी दिसते, हे रंगाऱ्याला पाठ होते, म्हणून त्याचे खोटे झाडसुद्धा जिवंत दिसते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर कमळे, हंस नि फळे आहेत. तिथेही कलावंताने हुबेहूब नक्कल केलेली नाही. कमळाचा देठ पाण्यातून वर येताना कसा झोकांडी खातो, ते मात्र त्याने तळ्याकाठी बसून पाहिले असले पाहिजे. पाहिल्यावाचून कल्पना करता येत नाही. आमच्या पडद्यांची गोष्ट उलटी आहे. तिथे कल्पना नाही नि पाहणेही नाही. पाहिले ते फक्त दुसरे छापील चित्र.

याची झळ कुठवर पोचते, ते मला वर्गात दिसते. मुलांना म्हणावे, तुमच्या मनाने निसर्ग काढा. साठांतली पन्नास मुले दोन त्रिकोणी डोंगर काढतात, मध्ये अर्धा सूर्य, एक नदी, एक लाल कौलांचे घर आणि चारच्या आकड्यासारखे उडणारे पक्षी. बाहेर खिडकीशी बहावा पिवळाजर्द झुलत असतो. त्याच्याकडे कोणी मान वर करीत नाही. यात मुलांचा काय दोष? सकाळी डोळे उघडल्यापासून त्यांच्या समोर छापील पाने नि छापील पक्षी. अभ्र्यावर गुलाबी ‘फ्लेमिंगो’ असतो. तोच आपला रोहित पक्षी दर हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत हजारोंनी उतरतो, पण तो दाखवायला मुलांना कोणी नेत नाही. ट्युलिप ओळखता येते. आपल्या राज्याचे फूल असलेली ताम्हण ओळखता येत नाही. गौरीला तेरडा लागतो, तो बाजारातून जुडीने येतो. पण तेरड्याचे पान कातरलेले असते की सरळ, हे घरात कोणाला विचारावे?

‘पण आम्हांला कुठे चित्र काढता येते?’ हा तिसरा आक्षेप, आणि तो बायकांच्या तोंडून ऐकला की मला खरोखर संताप येतो. अहो, पंधरा ठिपके पंधरा ओळींची रांगोळी चिमटीतून न चुकता सोडणारा हात कोणाचा? चैत्रांगणात सूर्य, चंद्र, तुळस, कमळ, नाग, हत्ती, गोपद्मे असे सारे विश्व दारापुढे मांडणाऱ्या बायका कुठल्या कला-विद्यालयात गेल्या होत्या? त्यांच्याच लेकी-सुना आज दिवाळीत उंबऱ्याशी रांगोळीचा स्टिकर चिकटवतात आणि सांगतात, आम्हांला चित्र येत नाही! येत नाही असे नाही. मोडून घेतले आहे. चिमटीत जी कुयरी बसली आहे, ती कुंचल्यातून कापडावर उतरायला फार तर चार दुपारी लागतील.

त्या चार दुपारींची कृतीही सांगते. नुसते भांडून थांबणे बरे नव्हे. मांजरपाटाचा एक तुकडा घ्या. रात्रभर भिजवून, चोळून त्याची खळ काढा. हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात तो बुडवा नि सावलीत वाळवा. कापड किंचित पिवळट दिसेल. हिरडा कुठल्याही वनौषधीच्या दुकानात मिळतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले आदिवासी बाळहिरडा गोळा करून त्यावर चार पैसे मिळवतात. गंजके खिळे, मूठभर गूळ नि पाणी एका मातीच्या भांड्यात घालून, वर सैल झाकण ठेवून, पंधरा-वीस दिवस ते विसरून जा. मग गाळून घ्या नि कुंचल्याने कापडावर रेघ ओढा. मळकट पाणी पाहता पाहता काळेभोर होईल. पूर्वी बोरूने लिहायची शाई हिरडा नि हिराकस घालून करीत. तिचेच हे गोत्र. पाणी फार जहाल मात्र करू नका, कापड काही वर्षांनी विरते. मुलांना जवळ बसवा. रसायनशास्त्राचा जो धडा पुस्तकात घोकून पाठ होत नाही, तो या एका रेघेत कळेल.

आणि ज्यांना विकत घ्यायचे आहे त्यांनी डोळे उघडे ठेवून घ्यावे. कापड उलटून पाहा. खरा रंग आत मुरलेला असतो, मागल्या बाजूलाही तो ओळख देतो. शेजारशेजारची दोन सारखी फुले ताडून पाहा. ती तंतोतंत जुळली तर कापड खाली ठेवा. विकणाऱ्याला रंगवणाऱ्याचे नाव विचारा, गाव विचारा. त्याला सांगता आले तर भाव पाडू नका. घरी आणल्यावर कापड पश्चिमेच्या उन्हात टांगू नका, थंड पाण्यात रिठ्याने धुवा, सावलीत वाळवा. जपून वापरा, पण वापरा. काचेच्या चौकटीत कोंडून ठेवायला ते काही वंशावळीचे कागद नाहीत.

दिवाळीच्या खरेदीची यादी एव्हाना झालीच असेल. तीत ‘पडदे’ असा शब्द असेल, तर त्याच्यापुढे दोनच गोष्टी लिहा: एका रंगाऱ्याचे नाव, किंवा घरातल्या एका माणसाचे. दुसऱ्याच्या नावावर खूण केलीत तर फूल कुठले काढावे, ही अडचण पडेल. रानात जायला सवड नसेल, तर गॅलरीतली तुळस आहे. तिच्या मंजिऱ्या काढायला वाटतात तितक्या सोप्या नाहीत, एवढे मात्र आधीच सांगून ठेवते.